सहा वीर आणि एक साधा

बाबा, आज दुकानातली सकाळची गर्दी ओसरल्यावर मी तुमचा फोटो पुसला नाही. रोज पुसते. धाडच्या रस्त्याची धूळ तुम्हाला माहीत आहे, सकाळी पुसलं तरी दुपारपर्यंत तुमच्या कपाळावर येऊन बसतेच. आज फडकं हातात घेतलं आणि पुन्हा खिळ्याला अडकवून ठेवलं. बसू दे म्हटलं धूळ. गेलेल्या माणसावर इतक्या वर्षांनी काय रागवायचं, असं आई म्हणते. आईचं बरं आहे. तिला जेवढं भांडायचं होतं तेवढं ती तुम्ही असतानाच भांडून मोकळी झाली. मी तेव्हा लहान होते आणि मोठी झाले तेव्हा तुम्ही नव्हतात. माझं भांडण तसंच राहिलं.

तुमच्या फोटोखालच्या फळीवर आता माझे वीर उभे असतात. बी-बियाण्याच्या दुकानात खेळणी बघून नवी गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडतात. कोणी विचारतं, "बाई, हे कधीपासून विकाले लागल्या?" मी सांगते, विकायचे नाहीत. तुम्ही आणलेला पहिला संच अजून आहे, आठवडी बाजारातला, पोकळ प्लास्टिकचा, वारा आला की आडवा होणारा. मग कॉलेजात असताना बुलढाण्याहून घेतलेला जड संच आहे, ज्याचे रंग उडाले तेव्हा मी नेलपॉलिशने भरले. आणि आता कुरिअरने येतात ते, गुडघ्यात वाकणारे, बोटं मिटणारे. मुठीत आग धरणारा, बर्फाचा, दगडी छातीचा, पाण्यात श्वास घेणारा, वीज खेळवणारी आणि पंखवाली. लग्नाच्या वयाची पोरगी बाहुले जमवते म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. ज्याला जे सोडवत नाही ते तो जमवतो.

सहा झाले. सातवा तो साधा. खाकी कोट, खांद्यावर दोराचं वेटोळं, शक्ती काहीच नाही. मला तो मुळीच आवडायचा नाही. बाकीचे लढत असताना हा नुसता उभा. एकदा मी त्याला परसातल्या उकिरड्यावर फेकून दिला. तुम्ही संध्याकाळी दुकानातून आलात, घरातल्या फळीवर सहाच बघितले, आणि मला हाताला धरून उकिरड्यापाशी नेलंत. तुमचा आवाज कधी चढायचा नाही, त्या दिवशी चढला. "टीम म्हणजे टीम. कोणाले ठेवाचं, कोणाले फेकाचं, हे तू ठरवणारी कोण? त्याच्याविना बाकीच्याईचं काय काम?" मी रडत रडत त्याला शोधून काढला. तुम्ही त्याला हापशावर स्वतःच्या हाताने धुतलंत, लुंगीने पुसलंत आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा केलात. त्या वेळी मला वाटलं होतं, माझे बाबा जगातले सगळ्यात न्यायी बाबा आहेत. 

मग तो बुलढाण्याचा दिवस. बोंडअळीला मारणारी बीटी कपाशी आपल्याकडे नवी नवी आली होती आणि कंपनीने दुकानदारांची सभा ठेवली होती. तुम्ही मला सोबत नेलंत, कारण येताना माझ्या मोडक्या पंखवालीच्या जागी दुसरी शोधायची होती. मी तुमच्या शेजारी खुर्चीवर पाय हलवत बसले होते. साहेबाने फळ्यावर शेत काढलं, मधे हिरवं आणि चारी बाजूंनी पिवळ्या रेघा. डब्यात मोठ्या पाकिटासोबत एक लहान पाकीट येईल, म्हणाला. त्यात साधं बी, बीटी नसलेलं. ते कडेच्या तासांना, म्हणजे ओळींना, लावायचंच. मला सभेनंतरच्या जेवणातलं श्रीखंड कधी मिळतं त्याची घाई होती, काही कळलं नाही. पण परतताना काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मी विचारलं की कडेला साधं बी कशाला लावायचं, अळी खाणारच ना ते. आणि तुम्ही मी घरून पिशवीत आणलेले वीर काढून मांडीवर मांडलेत.

"हे पाह्य," तुम्ही म्हणालात. "एकाच पहेलवानाशी रोज कुस्ती खेळली तं समोरचा त्याचे सगळे डाव शिकते. मंग एक दिवस त्यालेच चीत करते. अळीचंबी तसंच. म्हणून आपणच त्याले एक साधा गडी देऊन ठेवाचा. त्याच्यावर तो खुशाल राह्यते, शिकत नाही." आणि तुम्ही खाकी कोटवाल्याला उचलून माझ्या नाकासमोर धरलंत. "हा दिसते फुकाचा. पण हा हाय म्हणून बाकीच्याईची ताकद टिकून हाय. हा गेला का सगळं गेलं." जीपमधले लोकसुद्धा ऐकत होते. एका म्हाताऱ्याने मान डोलावली. इतकं नीट त्या साहेबालाही सांगता आलं नव्हतं. चौथीतल्या पोरीला कळलं, बाबा. मला आजही तेवढंच कळतं, आणि कृषी पदविकेला आमच्या सरांनी जे शिकवलं ते याहून वेगळं काही नव्हतं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

पुढच्या जूनमध्ये दुकानापुढे रांग होती. मी काउंटरच्या आतल्या पोत्यावर बसले होते. पहिल्यांदा बीटी न्यायला आलेले बोरीवाले मामा मला अजून दिसतात. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर बोरीचं झाड म्हणून बोरीवाले, आणि आईला बहीण मानायचे म्हणून मामा. मामा डबा उघडतात, लहान पाकीट वर धरतात आणि अगदी सरळ विचारतात, "भाऊ, हे लहानं पुडकं कायचं व्हय?"

रांग पुढे झुकते. सगळ्यांनाच ते विचारायचं असतं. आणि तुम्ही, काट्यावरचा हात न काढता, म्हणता, "अळीले जेवाले घालाचं असन तं लावा!"

सगळे खो खो हसले. मामाही हसले. "पोरायले पुरत नाही न भाऊ, अळीले कुठून घालू?" म्हणाले आणि ते पाकीट त्यांनी काउंटरखालच्या रिकाम्या पोत्यात टाकलं. मागच्याने टाकलं, त्याच्या मागच्याने टाकलं. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "बाबा, पण जीपमधे तर तुम्ही..." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तेवढ्यातच सगळं आलं. "घरात जाय. आई बोलावून राह्यली." आई बोलावत नव्हती. आई घरात शेंगा फोडत होती आणि मी का आले म्हणून तिलाच नवल वाटलं.

त्या संध्याकाळी तुम्ही मला पंखवाली आणून दिलीत. बाजारातल्या संचात तिचा एक पंख मोडका निघाला होता, म्हणून मी किती दिवस मागत होते. इतके दिवस मिळत नव्हती, ती नेमकी त्याच दिवशी मिळाली.  मी नाचले. लेकरूच होते. पण ती भेट नव्हती, बाबा, ती लाच होती, आणि लेकराला लाच देणाऱ्या बापाबद्दल मला आज काय वाटतं ते मी इथे लिहिणार नाही, कारण आई कधीतरी हे वाचेल.

ते पोतं भरलं की तुम्ही मागे घरात पाठवायचात आणि आई ते बी बंबात घालायची. सरकीच ती, तेलामुळे भडकन पेटायची. अख्खा जून आमच्या अंघोळीचं पाणी त्या बियांवर तापायचं. मी पाट्यावर बसून धुराचा तो विचित्र वास घ्यायची आणि फळीवर साधा माझ्याकडे बघत उभा असायचा, सगळ्यांच्या पुढे, तुम्हीच ठेवलेला. घरात एक न्याय आणि दुकानात दुसरा. उंबरठा तर एकच होता आपला, पुढे दुकान आणि मागे घर.

समोरच्या दुकानदारानेही तेच सांगितलं असतं, मला ठाऊक आहे. सगळा तालुकाच पाकिटं फेकत होता. आमच्या एका काउंटरने अळी आणली असं मी म्हणत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण त्या बाकीच्यांनी मला जीपमध्ये मांडीवर वीर मांडून दाखवले नव्हते. त्यांच्यावर मी कशी रागवू? माझ्या वाट्याला तुम्हीच आलात.

आणि तुम्ही वेळेवर सुटलात. कपाशी जोरात असतानाच गेलात, दसऱ्याच्या तोंडावर, शेतं पांढरी फटक पडलेली. अख्खा बाजार बंद ठेवला लोकांनी. हसवणारा माणूस गेला, म्हणाले. गुलाबी अळी त्यानंतर काही वर्षांनी आली. तोवर दुकानावर मी बसत होते. बाहेरून बोंड कसं छान, गच्च, हिरवं. फोडलं की आत गुलाबी अळी आणि कापसाच्या जागी पिवळी पडलेली कवडी, वेचणाऱ्या बायाही नको म्हणतील अशी. लोकांनी उभ्या कपाशीत गुरं सोडली. कोणी फवारे मारून मारून आजारी पडलं. माझ्याकडे येऊन विचारायचे, "बाई, बीटीले अळी लागत नाही म्हणे न?" 

बोरीवाले मामाही आले. धोतराच्या सोग्यातून त्यांनी बोंडं काउंटरवर ओतली. एका बोंडातून अळी निघून काट्याच्या तागडीवर चालू लागली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. मग मामांनी तुमच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "भाऊ असते तं काही तरी सांगतलं असतं." ते मला सहन झालं नाही. शिव्या चालल्या असत्या, दगड चालला असता. हात जोडलेले नाही चालले. मी सांगून टाकलं. बुलढाण्याची सभा, जीप, मांडीवरचे वीर, सगळं. बाबांना माहीत होतं मामा, म्हटलं, ते लहान पुडकं कशासाठी होतं ते पक्कं माहीत होतं.

मामा बाकावर बसले. टोपी मांडीवर ठेवून तिच्या घड्या घालत बसले. मग विचारलं, "तुले सांगतलं, लेकराले. मंग मले काऊन नाही सांगतलं त्यानं?"

 तो प्रश्न माझा नाहीच, तुमचा आहे, आणि तो इतकी वर्षं मी उगाच सांभाळते आहे. मामा उठून गेले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. बी समोरून न्यायचे. रस्त्यात भेटले की आईची तब्येत विचारायचे, दुकानाकडे बघायचे नाहीत. तुमचा जिवाभावाचा माणूस होता तो, बाबा. तुमच्या तिरडीला त्यांचा खांदा होता.

आणि आज सकाळी आले. रांगेत मागे उभे, काठी टेकून. पुढचा एक तरुण गडी डबा उलटासुलटा करून म्हणाला, "बाई, पहिले लहानं पुडकं येत जाय, आता नाही व्हय?" मी म्हटलं, आता साधं बी मोठ्या पाकिटातच मिसळून येतं. फेकता येऊ नये म्हणून. आमच्यावर कोणाचा भरवसा राहिला नाही, हे चांगलंच झालं. मग मी फळीवरून साध्याला उतरवलं. कुरिअरच्या नव्या संचात तो नाहीच, त्यांनी सहाच ठेवलेत, म्हणून तुमचाच जुना, पोकळ, रंग उडालेला त्यांच्यात उभा असतो, त्या वाकणाऱ्या वीरांच्या कमरेएवढा. त्याला काउंटरवर ठेवलं आणि सांगायला लागले. पहेलवान, कुस्ती, साधा गडी. दर जूनला सांगते, तुमच्याच शब्दांत, कारण माझ्याकडे दुसरे शब्द नाहीत. सगळे ऐकत होते. त्या तरुणाने विचारलं, "पण मिसळलं कायले, साधं?"

आणि मागून मामा म्हणाले, "अळीले जेवाले घालाले!"

हुबेहूब तुमच्यासारखं. तोच हेल, हात न हलवता, चेहरा कोरा. जुनी माणसं खदखदली. मामा हसले नाहीत, तुमच्या फोटोकडे बघत होते.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, तरी कबूल करते. मला हसू आलं. तोंडावर पदर धरला, थांबेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, काउंटरला धरून, आणि हसता हसता रांगेतल्या सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळलेले दिसले, खुललेले, आपलेसे, आणि क्षणभर वाटलं, हे असंच चालू राहावं, अळीचा विषय कोणी काढूच नये. मामांच्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच असेल, बाबा: रांग हसली आणि तुम्हाला ते मोडवलं नाही. एवढं साधं असेल असं मला वाटलं नव्हतं. मामांना ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. त्यांचं बी बांधून दिलं.

कळलं, पण पटलेलं नाही. फोटो उद्याही पुसायची नाही मी.