नाटक नव्हतं ते

अहो,

तुम्ही दुसरं घर मांडलंत त्याला वर्ष उलटलं, तरी तोंडात हीच हाक येते. सवय मेली जात नाही.

जिना चढताना मी छाती धरून मधेच थांबायचे आणि तुम्ही वरून ओरडायचात, "झालं नाटक सुरू?" कार्डिओग्राम चांगला आला, तेव्हा तर तुम्हाला आयतंच मिळालं. पाहुण्यांसमोरही सांगत सुटलात, "हिला काही झालेलं नाही, सगळे मनाचे खेळ आहेत."

परवा लेकीने मला ओढतच तपासणीला नेलं. हृदयापर्यंत नळी घालतील म्हणून मी घाबरले होते. पण आता स्कॅनवरही भागतं. हातात सुई टोचून औषध सोडलं, अंगभर ऊब पसरली, "श्वास रोखा" म्हणाले आणि झालंसुद्धा. डॉक्टरांनी पडद्यावर माझं हृदय फिरवून दाखवलं. रक्त कुठे किती पोचतं, तेही संगणकाने रंगवलेलं. मुख्य धमनी एका जागी जेमतेम उघडी होती.

"बरेच दिवस दुखत असणार तुम्हाला," ते म्हणाले. परक्या माणसाने माझं खरं मानलं आणि मी तिथेच रडले.

सोमवारी बायपास आहे. लेक विचारते, "बाबांना कळवू?" मी नको म्हटलं. तिला वाटतं, मी रागावलेय. रागावलेय तर आहेच. पण शुद्धीवर आल्यावर तुम्ही समोर दिसलात, तर मला बरं वाटेल, आणि तेच मला नकोय. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

आता तुमची कोणी नसलेली,
तुमच्या लेकीची आई