इडाकाकूंची कात्री

प्रिय लेलंडमामा,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींना टोमॅटोची रोपं पोचली असतीलच. इकडे सगळे ठीक. आईला मी अजून तिच्या घरच्या शाळेतच आहे असं वाटतं, त्यामुळे जेवताना माझे उच्चार सुधारले जातात.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात ब्रांटकाकांनी मला फसवलं असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. कार्ड कापलेलं होतं हे खरं, पण कापलं त्यांच्या पत्नीने, इडाकाकूंनी. त्या आता हयात नाहीत, तेव्हा खुलासा मागायची सोय नाही. (त्याच पत्रात मी काकांना "गोडबोल्या कोल्हा" म्हटलं होतं. त्यातला कोल्हा कृपया खोडावा. गोड बोलतात, ते राहू द्यावं.)

त्याचं असं झालं. चर्चच्या तळघरात भरणाऱ्या, बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेल्या कार्डांच्या अदलाबदलीत तुम्ही मला दिलेल्या खोक्यातलं कॅचरचं कार्ड मी काकांना दिलं आणि त्यांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला, हे तुम्हाला कळवलंच होतं. पिचरचे कोपरे सुईसारखे टोकदार होते, आणि आम्ही कार्डवाले भाळतो ते कोपऱ्यांवरच. घरी आणून त्याला प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं, तर तो आत डुलायला लागला. दुसऱ्या कार्डावर ठेवून पाहिला, दोराभर आखूड! मत देण्याआधी मोजावं, असं आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला शिकवलं होतं. मी मोजलं, आणि मग मत जरा जास्तच दिलं.

मनाला लागून राहिलं, म्हणून बरी जमलेली सफरचंदाची पाई घेऊन काकांकडे गेले. (माफी मागता येईना, कारण आपल्याला कोल्हा म्हटलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.) विचारलं, "काका, हे कोपरे इतके नवे कसे हो?"

त्यांचा चेहरा खुलला. "इडाची करामत, पोरी! झिजलेला कोपरा तिला बघवायचाच नाही. गोधडीची कात्री घ्यायची नि केसभर उडवायची. कोणी म्हणेल का जुनी कार्डं आहेत?"

"कोणी नाही म्हणणार," मी म्हणाले. (हे खरं होतं, म्हणूनच म्हणाले.)

"ओमाहाच्या प्रदर्शनातल्या परीक्षकांचे डोळे पांढरे होतील बघ!"

तीच तर भीती आहे, मामा. कुत्र्याने चावलेलं कार्ड परवडलं, पण कापलेलं म्हणजे आमच्याकडे बनावटच. परीक्षक आधी मोजतात आणि निकाल सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतात. काका सगळी कार्डं तिथे मांडणार आहेत, "इडाचा संग्रह" अशा पाटीखाली. पाटी रंगवून झाली आहे, निळ्या अक्षरांत. मला ती दोनदा दाखवली. मी पाटीची स्तुती केली, पाई खाल्ली आणि कापल्याचं काही न सांगता घरी आले.

तेव्हापासून वाक्य घोकते आहे. "काका, काकूंचं प्रेम दोराभर जास्त झालं," हे आमच्या कुत्र्याला म्हणून दाखवलं. तो उठून गेला. गप्प राहावं तर परका माणूस चारचौघांत सांगणार, आणि त्यात काकूंचं नाव निघणार. त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, एवढं ठरलं आहे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
कॉरिन

ता. क. पिचर मी परत करणार नाही. तुमचा कॅचरही परत मागणार नाही. कारण पुढे.

ता. क. दुसरा. तुमच्या खोक्यातली उरलेली कार्डंही मोजली. मामा, तीही आखूड आहेत. आई म्हणते, लहानपणी आजीची हरवलेली कात्री तुमच्या उशीखाली सापडली होती. म्हणजे सौदा बरोबरीचाच झाला. मी काही विचारत नाही. फक्त माझ्याबरोबर चला, आणि "मीही कापायचो हो," असं काकांना आधी तुम्ही हसत सांगा. (तुम्हाला लाज कमी, असं आईचं मत आहे. तिने मोजलं असेलच.) मग पुढचं मी सांगेन. प्रदर्शन रविवारी आहे. तुम्ही आलात तर उत्तम, नाही आलात तरी त्यांच्या दाराची घंटा मी वाजवणार आहे शनिवारी, १४ जूनला.