रेघेपुढची मोकळी जागा

सोमवार, ४ तारीख
तर सगळ्यात आधी आल्या त्या समोरच्या दारातल्या दोघी. मी अजून ट्रंकेची किल्ली शोधतेय, तोवर या आत येऊन बसल्यासुद्धा. एक बोलकी, दुसरी अगदी गप्प. दोघी विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकांची यादी सांभाळतात. बोलकीने पाच मिनिटांत सांगून टाकलं की खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक सासू आली की जिन्याखाली लपतात. मला बाई आवडली. नात म्हणाली, आजी, आल्या आल्या चुगल्या नकोत. म्हटलं, मी कुठे केल्या, मी नुसत्या ऐकल्या.

नातीला आम्ही ठमी म्हणतो. तिच्याकडे मी कायमची राहायला आले. ती शेवाळावर संशोधन करते. मी म्हटलं, अगं, आपल्या मोरीत हवं तेवढं होतं की. तिच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, हाच नाद. ठमी चार वर्षांची असताना लेक तापाने गेली. असो, आज मी खुशीत आहे, ते नको. मला लिहायला लेकीनेच शिकवलं, मी चाळिशीची असताना. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत.

बुधवार, ६ तारीख
ठमीने लायब्ररीत नेऊन यंत्रापुढे बसवलं. गंमतच आहे. विषय टाका नाहीतर लेखकाचं नाव टाका, पुस्तक कुठल्या मजल्यावर, कुठल्या कपाटात, सगळं समोर येतं. आमच्या घरात चष्मा सापडत नाही. मी एका बोटाने लेकीचं नाव टाकलं. आलं की. तिचं ते एकच पातळ पुस्तक, तिसरा मजला, खिडकीजवळचं कपाट. नावाखाली जन्माचं साल, आडवी रेघ, पुढे गेल्याचं साल. ठमी म्हणाली, लेखकांची नोंद अशीच असते, जिवंत माणसाच्या रेघेपुढे जागा मोकळी ठेवतात. तिचाही प्रबंध तिथे आहे, तिने आपलं नाव दाखवलं. रेघेपुढे मोकळं. बघून बरं वाटलं.

लेकीचं साल मात्र डोळ्यांत खुपत राहिलं.

गुरुवार, ७ तारीख
समोरच्या दोघी चहाला आल्या. मी बोलता बोलता म्हटलं, तेवढं माझ्या लेकीचं साल खोडा की, कोणाचं काय अडलंय. थट्टेतच म्हटलं. बोलकी हसली नाही. म्हणाली, आईने सांगितलं तर खोडता येतं. गप्प असते तिने चिठ्ठी काढली. मी सही केली. अक्षर बरं आलं.

सोमवार, ११ तारीख
साल नाही. रेघेपुढे मोकळं. आणि लेकीच्या नावावर आता दोन पुस्तकं. दुसरं यंदाचं. धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर गेले. होतं कपाटात. ‘माझ्या आईच्या मोरीतलं शेवाळ’. पहिल्या पानावर लिहिलंय, आईस. तिथेच फरशीवर बसून रडले, पण सुखाने हो. ठमीला अजून सांगितलं नाही. आधी मी वाचणार.

मंगळवार, १२ तारीख
ठमीचं कार्ड लायब्ररीच्या दारात चालेना. दारावरचा माणूस म्हणाला, या नावाचं कोणी नाहीच इथे. ती हसत घरी आली. संध्याकाळी अंग तापलं.

गुरुवार, १४ तारीख
ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही. लेकीच्या वेळीही असंच म्हणाले होते. मी लायब्ररीत गेले. लेकीची पाच पुस्तकं झालीत. मग ठमीचं नाव टाकलं. रेघेपुढे यंदाचं साल —

शुक्रवार, १५ तारीख
समोरचं दार वाजवून लेकीचं साल परत लावा म्हणायचं, एवढंच काम होतं. काल गेले नाही. आजही दारापर्यंत जाऊन मागे फिरले. आपल्याच तोंडाने लेकीला दुसऱ्यांदा — कसं म्हणू. पोरगी तापाने फणफणत होती आणि मी उशाशी बसून लेकीचं पुस्तक वाचत होते. हे मी केलं.

शनिवार, १६ तारीख
सांगितलं. बोलकी म्हणाली, उशीर झाला आजी. जिची पुस्तकं वाढताहेत तिला साल लावता येत नाही. आणि एकाचं साल काढलं की दुसऱ्यापुढे साल ठेवावंच लागतं, रक्ताच्या माणसापुढे. म्हटलं, मग माझ्यापुढे ठेवा, मी भरपूर जगले. ती म्हणाली, यादीत तुमचं नावच नाही. ज्याने काही लिहिलं त्याचंच असतं.

मग तिनेच विचारलं, तुम्ही काही लिहिलंय का —

रविवार, १७ तारीख
तापाच्या भरात ठमी मला आई म्हणून हाक मारते. ओ दिली.

ही वही दोघींना दाखवली. गप्प असते तिने पानं चाळली. पहिल्यांदाच बोलली. चालेल म्हणाली. अपुरी असली तरी चालेल, यादीत तुमचं नाव चढेल.

ठमे, तू लिही बाई. खूप लिही, पण सावकाश —

वही न्यायला बुधवारी येतो म्हणाल्या. सकाळी, ठमी उठायच्या आत. मी दार नुसतं लोटून ठेवीन, म्हणजे घंटीने हिची झोप —