सहा आठवडे पाय टेकवू नकोस

प्रिय धाकट्या,

काल तुझ्या दवाखान्यातून माझी फाइल घरी आली आणि माझ्या पायाची एक्स-रे फिल्म मी पहिल्यांदाच खिडकीपाशी उजेडात धरली. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला दोन मिनिटांत गुंडाळतोस. कागदावर ते जमणार नाही.

पायरीवरून पाय मुरगळला त्या दिवशी फिल्म बघून तू चेहरा पाडलास. "ताई, करंगळीमागचं हाड वाईट जागी मोडलंय. तिथं रक्त कमी पोचतं. ऑपरेशन टाळायचं तर सहा आठवडे पाय टेकवायचा नाही." गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलंस, ते सहा आठवडे पुरे झाल्यावरच काढलंस. एकोणतीस वर्षं मी हॉस्पिटलची प्लास्टर रूम सांभाळली, भल्याभल्या डॉक्टरांच्या हातातल्या फिल्म ओढून घेऊन बघितल्या. स्वतःची तेवढी मागितली नाही. डॉक्टर माझा भाऊ होता ना!

काल फिल्ममध्ये दिसलं: हाडाच्या अगदी टोकाचा कपचा निघालाय, बस. असे पेशंट मी कडक तळाचा बूट घालून त्याच दिवशी चालत घरी पाठवलेत. "दुखलं की थांबा, नाहीतर चाला," एवढं सांगून. शिकाऊ डॉक्टर म्हणून आलास तेव्हा तुलाही या दोन मोडींतला फरक मीच दाखवला होता. तेव्हा 'नजरचूक झाली' हे मला सांगू नकोस.

अकरा वर्षं आई माझ्याकडे आहे. "ताई, तू झिजतेस, तिला वृद्धाश्रमात ठेवू," हे तुझं दर महिन्याचं, आणि "नाही" हे माझं. मग आयता माझा पाय सापडला. चौथ्या दिवशी तू तिला वृद्धाश्रमात घेऊन गेलास. मी उशीवर पाय ठेवून बघत राहिले आणि वर तुझे आभार मानले! त्या आभारांची मला आज लाज वाटते.

आज सकाळी तिला आणायला गेले. मेट्रन म्हणाल्या, "आजी रोज एकच विचारतात, लेकीचं हाड जुळलं का?" गाडीत आईनंच सांगितलं, तू तिला काय पटवलं होतंस: ती घरात असली तर मी तिच्यासाठी उठणार, पाय टेकवणार आणि हाड कधीच जुळणार नाही. तिला जायचं नव्हतं रे. एकच खोटं दोघींना पुरवलंस. काटकसरी तू लहानपणापासूनच.

माझ्या भल्यासाठी केलंस, असं म्हणशील. मग माझ्याशी भांडायचं होतंस. हरले असते तर हरले असते.

पण हे पत्र माझ्यासाठी नाही. घरात शिरल्यापासून आई माझ्या पावलाकडे बघून हसते आहे. "मी गेले म्हणून जुळलं बघ." मी हो म्हटलं. पेशंटला मी कधी खोटं सांगितलं नाही. आईला आज सांगितलं, आणि तेही तुझं. आता ती बॅग उघडू देत नाही. "परत गरज पडली तर? बांधलेली असू दे," म्हणते. रविवारी ये, तिच्यासमोर बस आणि खरं काय ते तुझ्या तोंडानं सांग. चहा द्यायचा की नाही, ते ती ठरवेल.

तुझीच, अजूनही,
ताई

वृद्धाश्रमाच्या वहीतली आजची नोंद, जशीच्या तशी: आजी, वय शहाऐंशी. कपड्यांची बॅग एक, चष्मा एक, कानाचे यंत्र एक, औषधांचा डबा एक. सर्व मुलीच्या ताब्यात दिले. मुलीची सही घेतली. मुलाला कळवणे बाकी.