थोरल्यांचं नाव

१८ सप्टेंबर, गुरुवार

थोरल्या दिरांना धरून नेलं! सकाळी नऊला, भर चहाच्या वेळी. दोन गाड्या, पाच पोलीस, वर एक कॅमेरावाला. सासूबाईंनी दार अडवलं आणि पाचही जणांना पावाचा तुकडा तोंडात टाकायला लावला — घरातून कोणी उपाशी जायचं नाही, मुलाला न्यायला आलेला पोलीससुद्धा नाही. ते बिचारे टोप्या काढून मुकाट्याने चावत उभे. मग नेलं.

आरोप तीन वर्षांपूर्वीच्या अपघाताचा. जुमाली मेंढपाळाला उडवलं ती गाडी मिरलान नव्हे, थोरले चालवत होते, असं म्हणणं. मिरलान माझा धाकटा भाऊ, थोरल्यांचा ड्रायव्हर. त्या अपघातापायी तो तीन वर्षं तुरुंगात आहे. अजून अडीच बाकी.

आणि थोरले संसदेला उभे आहेत. मतदान १२ ऑक्टोबरला. तीन वर्षं झोपलं होतं, आताच बरी जाग आली सरकारला!

आमचे हे दिवसभर एकच घोकत होते, "राजकारण आहे. दुसरं काही नाही." माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

१९ सप्टेंबर

खरं ते लिहून टाकते. इथे कोण वाचतंय!

गाडी थोरलेच चालवत होते. मी मागे बसले होते, मांडीवर लग्नघरच्या मटणाची पिशवी. दिवस मावळत होता. मिरलान दोनदा म्हणाला, "दादा, मी घेतो गाडी, तुमची जरा जास्त झालीय." थोरले म्हणाले, "या रस्त्यावर माझी घोडीसुद्धा झोपेत चालते." वळणावर जुमाली घोड्यावरून आडवा आला. घोडा वाचला.

तिथेच, रस्त्याच्या कडेला, थोरले म्हणाले, "मिरलान, तू प्यायलेला नाहीस. तुला फार तर दोन वर्षं, तीही तुरुंगाबाहेरच. मी गेलो तर अख्खं घर बसेल. सुटलास की घर बांधून देतो, माझा शब्द." मिरलानने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ऐक त्यांचं."

एवढंच बोलले मी. कोर्टाने साडेपाच वर्षं दिली.

२१ सप्टेंबर, रविवार

थोरले सुटून आले. तीन दिवस ठेवलं, आणि गाव सोडणार नाही असं लिहून घेतलं. पुलापर्यंत साठ घोडेस्वार सामोरे गेले! साठ! गेल्या महिन्यात याच माणसाच्या बैठकीला तीस लोक जमेनात. बोरसोक, कणकेचे ते गोळे, तळून तळून उरायचे, मी ते कोंबड्यांना घालायची.

आज पीठ पुरलं नाही. शेजारून आणलं.

सातिबाल्दी आजोबा सगळ्यात पुढे. सहा वर्षं कालव्याच्या पाण्यावरून हे आजोबा थोरल्यांना शिव्या घालतायत. लबाड, पाणीचोर, काय वाटेल ते. आज चौथा पियाला माझ्या हातून घेत म्हणाले, "चोर असेल ग सूनबाई, पण आमचा आहे! त्याला शिव्या घालायच्या तर आम्ही घालू. शहरातल्या टायवाल्यांनी का?" सगळे हसले. मीही हसले, चहा ओतताना तोंड वाकडं करून चालत नाही.

नदीपलीकडच्या कुळाचे म्हातारे आले होते. त्यांनी आजवर या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. हात पसरून थोरल्यांना आशीर्वाद दिला, तोंडावरून हात फिरवले. असा आशीर्वाद एकदा दिला की परत घेता येत नाही. म्हणजे दोन गावांची मतं आली.

२४ सप्टेंबर

कानिशायकडे गेले होते, जुमालीच्या बायकोकडे. का गेले, नीट सांगता येत नाही. तिला तरी संशय आला असेल असं वाटलं.

तिच्या फाटकावर थोरल्यांचं पोस्टर! मी बघतच राहिले. ती म्हणाली, "अशी काय बघतेस? चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्यांनी स्वतःचा घोडा कापला आमच्यासाठी. माझ्यासमोर गुडघ्यावर बसून रडले. दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी कोण रडतं असं? तुझा भाऊ नुसतं तोंड दाखवायलाही आला नाही."

तुरुंगातून कसा येणार तो? पण बोलले नाही. निघताना तिने माझ्या ओटीत वाळवलेल्या दह्याचे गोळे घातले. घरी येईपर्यंत एकही तोंडात घालवेना.

२७ सप्टेंबर

आज तीन पोती पीठ. अशीच मतं मोजायची झाली तर निकाल लागलाच म्हणायचा.

३० सप्टेंबर

आईचा फोन. पलीकडच्या खोऱ्यात एकटीच राहते. गेल्या आठवड्यात मिरलानला भेटून आली. बारीक झालाय, खोकतो, खोलीत भिंतींना ओल आहे म्हणे. मग थांबली. मग म्हणाली, "पोरी, लोक म्हणतायत गाडी दुसराच कोणी चालवत होता. तू तर होतीस ना ग आत?"

मी म्हटलं, "झोप लागली होती."

हेच ठरलंय घरात. मी झोपले होते. आईने "बरं" म्हटलं. तिला खोटं कळतं. माझं तर लहानपणापासून कळतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

गेले! जिल्ह्याच्या गावी, तपास कार्यालयात. घरी सांगितलं दाताच्या डॉक्टरकडे चाललेय.

अधिकारी तरुण आहे. शहरातला, हात मऊ, सारखं "ताई, ताई" करतो. समोर कॅमेरा. म्हणाला, जे बघितलं ते तोंडाने सांगायचं, कागदावर लिहून दिलेलं धरत नाहीत. मी सगळं सांगितलं. पिशवी, वळण, घोडा. मग म्हणाला, "गाडी कोण चालवत होतं?"

"माझे थोरले दीर."

"नाव घ्या, ताई."

आणि माझी जीभ अडली. बावीस वर्षं या घरची सून आहे. सासऱ्यांचं नाव, थोरल्या दिरांचं नाव तोंडातून गेलेलं नाही. सासूबाई तर, सासऱ्यांच्या नावात दगड होता म्हणून, आयुष्यभर दगडाला 'कठीण' म्हणत आल्या. पायाला कठीण लागलं, असं. त्यांच्या हाताखालची मी! थोरल्यांची पोस्टरं मीच खळ लावून चिकटवली, हातहातभर अक्षरं, पण मनात वाचतानाही नाव ओलांडून पुढे जाते. जीभच तशी वळलीय.

"सगळ्यात थोरले," मी म्हटलं. "घरातले थोरले." आमच्या गावात एवढ्यावर कुत्र्यालाही कळेल कोण ते. तो पेन आपटत म्हणाला, "असं चालत नाही हो." मला वाटलं, तरुण आहे, उगाच अडून बसलाय. सांगितलं ते सांगितलं. सही करून आले. येताना हलकं वाटत होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

मैदानात मोठी सभा. आठ तंबू. मी बायकांबरोबर मागे, कढईपाशी. थोरल्यांच्या वकिलाने माइकवर कागद वाचला — माझाच जबाब! कुठून मिळवला देव जाणे. "गाडीत हजर असलेल्या एकमेव साक्षीदार महिलेने, वारंवार विचारूनही, कोणाचेही नाव घेतलेले नाही!"

काय तो आरडाओरडा! टोप्या उडाल्या. माणसं थोरल्यांचं नाव घेऊन बेभान ओरडत होती. सातिबाल्दी आजोबा काठी नाचवत होते. एक बाई माझ्या गळ्यात पडली, म्हणाली, "धन्य तुझी! सासरचं मीठ राखलंस."

थोरल्यांनी तंबूतून माझ्याकडे बघून मान लववली. लोकांना वाटलं, प्रेमाने.

म्हणजे दाताचा डॉक्टर कोण ते घरात ठाऊक आहे. आणि मी मान राखला तोच त्यांनी पुरावा केला. माझ्या भावाला मीच दुसऱ्यांदा आत ढकललं.

६ ऑक्टोबर

पुन्हा जाणार होते, शाल डोक्यावर घेतली होती. सासूबाई म्हणाल्या, "वरच्या कुरणावरून पंचवीस माणसं येतायत. तू गेलीस तर कढईपाशी कोण?" राहिले.

७ ऑक्टोबर

पाहुणे.

८ ऑक्टोबर

पाहुणे. हाताला तेलाचा वास बसलाय, साबणाने जात नाही. हे स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "निवडून आले की दादा सोडवतील मिरलानला. तेव्हा हातात सत्ता असेल." मी विचारलं, "तुम्हाला खरंच असं वाटतं?" हे लाकडं आणायला गेले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

घेतलं! नाव घेतलं!

पहाटेच निघाले, कोणाला सांगितलं नाही. खिंडीत बर्फ, गाडीवाल्याने दोन तास लावले. कॅमेरा लावला आणि मी विचार करायच्या आत म्हटलं — सेयितबेक. गाडी सेयितबेक चालवत होते. माझा भाऊ मिरलान शेजारी बसला होता, आणि त्याला कबूल हो म्हणून मीच सांगितलं.

काही झालं नाही. छत पडलं नाही. पाच साधी अक्षरं. याच्यासाठी मी आठ दिवस घालवले!

अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने चहा करून दिला. सही घेताना जरा घाईत होता. मी विचारलं, "मिरलान कधी सुटेल?" खिडकीकडे बघत म्हणाला, "कागद वर गेले की... नव्या वर्षाला घरी असेल, ताई." मी रडले तिथेच. त्याचा हात धरून आशीर्वाद दिला, लेकरं होऊ देत, दीर्घायुषी हो. त्याने हात हळूच सोडवून घेतला. लाजला असेल.

११ ऑक्टोबर

माझा जबाब सकाळीच सगळ्यांच्या फोनवर. अधिकाऱ्यांनीच सोडला म्हणतात.

वाटलं होतं, लोक हादरतील. कसलं काय! "सूनसुद्धा फोडली त्यांनी! घरात शिरले, हलकट!" जे घरी बसणार होते तेही उद्या मत द्यायला निघालेत. सातिबाल्दी आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, "किती दिले ग तुला?" लहानपणीच्या मास्तरांसारखे रागावले होते, पण डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, माझ्यामुळेच.

सासूबाईंनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. हे शेजारीच थोरल्यांच्या घरी झोपायला गेले.

वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू, फार वाटतंय. पण आत कुठेतरी एक जागा आहे तिथे मी नाचतेय. होऊ देत त्यांना खासदार, मंत्री होऊ देत! माझा भाऊ नव्या वर्षाला घरी येतोय. लोकरीचं जाकीट विणायला घेतलं. खांद्यांना किती टाके धरावेत कळेना. बारीक झालाय ना.

१२ ऑक्टोबर, रविवार

मतदान. रांगेत माझ्या पुढे-मागे हातभर जागा सोडून उभे होते लोक. पण कोणी काही बोललं नाही. शिव्यासुद्धा नाहीत. नजरा खाली. कानिशाय तेवढी आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेली. मला वाटलं, तिला पटलं.

१३ ऑक्टोबर

निवडून आले. दहातली सात मतं. आमच्या गावात नऊच्या वर! अपघात निघायच्या आधी दहातली तीन होती, असं वकीलच सांगत फिरत होता पूर्वी. सरकारने आरोप ठेवले नसते तर हा माणूस पडला असता. आणि आता खासदारावर खटला चालवायचा तर संसदेची परवानगी लागते म्हणे.

लागू दे. माझा जबाब आहे ना कागदावर. जाकिटाची पाठ झाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सहा म्हातारे आले, पांढऱ्या टोप्या घालून, पुढे सातिबाल्दी आजोबा. मला वाटलं, विजयाचं बोलायला थोरल्यांकडे निघालेत, वाटेत इथे टेकले. पाणी चुलीवर ठेवलं. ते बसले आणि कोणीच पियाल्याला हात लावेना. मग मागून बायका आल्या, आणि कानिशाय माझ्या अगदी जवळ येऊन बसली. मरणाची बातमी आमच्यात अशीच सांगतात. मी कितीदा तरी अशी दुसऱ्यांच्या घरी जाऊन बसलेय. तरी मी विचारलं, "साखर घालू का?"

मिरलान गुरुवारी गेला. छातीत पाणी झालं होतं. तुरुंगातून फोन गुरुवारी दुपारीच आले, एक गावच्या कार्यालयात, एक तपास कार्यालयात. मतदान होईपर्यंत घरी सांगू नका, असं सेयितबेकने गावाला सांगितलं, आणि गाव गप्प बसलं. शुक्रवारी सही घेतली तेव्हा त्या अधिकाऱ्यालाही माहीत होतं.

आईला अजून कोणी सांगितलेलं नाही. मला तिच्याकडे न्यायला आलेत.