नायकाच्या खोलीची खिडकी

गोरेगाव, मुंबई

तीर्थरूप बाबा,

तुमच्या पायांना इथूनच हात लावतो.

मी ठीक आहे, फक्त पाय दुखतात. हल्ली एका प्रेमाच्या, विनोदी सिनेमाचे सेट लावतोय. नायिका मोकळ्या स्वभावाची, म्हणून तिला समुद्रासमोरची गच्ची दिली. नायक शहरात एकटा. त्याची खोली कशी असावी, यावर तीन दिवस वाद चालला.

तेव्हा तुमचं आठवलं. चित्रकथीची चित्रं शिकवताना तुम्ही म्हणायचात, "राजा एकटो पडलो की मागे काय्येक रंगवू नको." मी खोलीतलं सामान काढून टाकलं. खुंटीवर एक शर्ट, खाली वळकटी आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत, एवढंच ठेवलं. दिग्दर्शक खूश झाले. अशी खोली कुठे पाहिलीस, म्हणाले.

शेवटी नायक गच्चीवर राहायला जातो. काल त्याच्या खोलीचा सेट मोडला. माझी खोली तशीच आहे.

पिंगुळीत माळ्यावरच्या कळसूत्री बाहुल्यांना वाळवी नाही ना लागली? आईचा गुडघा कसा आहे?

तिला पत्र वाचून दाखवाल, तेव्हा खोलीचं तेवढं गाळा. माझ्या खिडकीतून समुद्र दिसतो, असं मी तिला गणपतीत सांगितलंय.

तुमचा,
रूपेश