ऑर्व्हिलचं मत

४ ऑक्टोबर, गुरुवार

पाट्या लावल्या. दोन्ही!

टपालपेटीच्या डावीकडे माझ्या पक्षाची, उजवीकडे ऑर्व्हिलच्या. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. दर निवडणुकीला तो त्याची ठोकायचा, मी माझी. मग पायरीवर कॉफी घेऊन बसायचं आणि एकमेकांच्या पाटीला नावं ठेवायची. यंदा दोन्ही मलाच ठोकाव्या लागल्या. त्याचा हातोडा फार जड आहे. त्याची पाटी वाकडी बसली. ‘मुद्दाम केलंस,’ म्हणाला असता.

व्हायोला गाडीतून चालली होती. गाडी थांबवून काच खाली केली. शाळेपासूनची मैत्रीण, आता आमच्या पक्षाचं इथलं सगळं तीच बघते.

“बर्नडीन, डोकं ठिकाणावर आहे ना? ऑर्व्हिलच्या पक्षाचा हा अध्यक्ष पुन्हा आला तर काउंटीच्या सरकारी वृद्धाश्रमाचे पैसे कापणार आहे. तुझा नवरा कुठे राहतो, विसरलीस की काय?”

विसरेन कशी? मीच ठेवलंय त्याला तिथे.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी गावच्या खानावळीत शुक्रवारचा तळलेला मासा खायला गेले. एकटीसाठी काय रांधायचं! दारातच डेल्बर्ट दिसला. आमचा कुंपणाशेजारचा, ऑर्व्हिलचा पत्त्यातला जोडीदार, त्याच्याच पक्षाचा.

“ये, बस की! का आता आमच्या टेबलावर बसायला सरकारी परवाना लागतो?”

सगळे हसले. मीही हसले. बसले. पूर्वी मी या टेबलावर सगळ्यांशी भांडायचे, ऑर्व्हिलशी सगळ्यांत जास्त. आज कुणी माझ्याशी भांडलंच नाही. राजकारण निघालं की माझ्याकडे बघून गप्प. मला कोबीची कोशिंबीर वाढत राहिले, आजारी माणसाला वाढतात तसं.

व्हायोलाचं टेबल खिडकीशी होतं. ती आज तिकडून हात हलवून बोलावेल असं वाटलं होतं. नाही बोलावलं.

७ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ऑर्व्हिलकडे. निळा स्वेटर घातला होता. त्याचा नव्हे, दुसऱ्या कुणाचा तरी. काउंटीच्या धुलाईत सगळं एक होतं.

“या बाई,” म्हणाला. “आज थंडी आहे.”

मार्चपासून मी ‘बाई’ आहे. चांगल्या बाई, रोज येणाऱ्या बाई.

इथे लिहायला हरकत नाही, दुसरं कुणी वाचणार नाही. तो मला म्हणाला होता — नीट होता तेव्हा, गोठ्यात उभा राहून — ‘बर्नी, काहीही कर, मला सरकारच्या दारात टाकू नकोस. ज्यांना कुणी नाही ते तिथे जातात.’ मी हो म्हटलं होतं. मग फेब्रुवारीत तो बर्फात अनवाणी पर्लला शोधायला गेला. पर्ल म्हणजे आमची गाय, विकून आठ वर्षं झालेली. डेल्बर्टला तो ओढ्याकाठी सापडला. पायाची दोन बोटं गेली. मग मी वृद्धाश्रमाच्या कागदावर सही केली.

आज नर्स म्हणाली, एकोणतीस तारखेला मतदान घेणारे इथे येतील, ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी. दोघे असतात, दोन्ही पक्षांचा एकेक. अर्ज भरायचा का विचारत होती.

त्याच्या बिछान्यावर बसूनच भरला. त्याचं घर काढून घेतलं मी. त्याचं मत तरी त्याचं राहू दे. ते त्याच्याच माणसाला पडलं पाहिजे. ते मी करणार!

८ ऑक्टोबर, सोमवार

आज दिवसभरात एकदाही तोंड उघडलं नाही. संध्याकाळी लक्षात आलं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

तालीम सुरू केली आहे. वर्तमानपत्रातून अध्यक्षांचा फोटो कापून नेते. (मी! याच हातांनी!) सिस्टर क्लेमेन्शिया आम्हांला धर्मशिक्षण शिकवायच्या तसं: प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. जग कुणी निर्माण केलं? देवाने. शंभरदा म्हटलं की झोपेतही उत्तर येतं, म्हणायच्या. खरंच येतं अजून.

“ऑर्व्हिल, हा कोण?”

“जनावरांचा डॉक्टर.”

“नाही रे. अध्यक्ष. तुझा माणूस. याला मत द्यायचं. कुणाला?”

“डॉक्टरला.”

शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा ओरडले, “त्यापेक्षा डॉक्टरलाच द्या! निदान वासरं तरी काढेल!” ऑर्व्हिल खदखदून हसला. तेच जुनं हसणं. मी फोटो घडी करून पर्समध्ये ठेवला.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

लेकीचा, तेरेसचा, शिकागोहून फोन. व्हायोलाने तिच्या कानावर घातलेलं दिसतंय.

“आई, बाबांना चमचा कुठल्या हातात धरायचा कळत नाही. त्यांनी मत द्यायचं?”

“कोर्टाने काढून घेतलेलं नाही. त्यांचा हक्क आहे.”

“बरं, आहे. मग आपल्या पक्षाला देऊ दे ना! तू त्या माणसाचं नाव पाठ करून घेतेयस. जो त्यांच्याच डोक्यावरचं छप्पर काढणार, त्याचं!”

“तुझे बाबा त्यालाच देतील.”

“बाबा आहेत कुठे आई? तू कुणासाठी करतेयस हे?”

मी म्हटलं, ओव्हनमध्ये केक आहे, करपेल. ओव्हन थंडगार होता. सहा महिने मी केक केलेला नाही.

तिचं चूक आहे असंही नाही. तो अध्यक्ष मला एक क्षण आवडलेला नाही. ज्याला कुणी नाही त्याला सरकारने धरायचं नाही तर कुणी? हे मी ऑर्व्हिलला वर्षानुवर्षं सांगितलं. तो म्हणायचा, “गोठा जळला तेव्हा सरकार आलं नाही, डेल्बर्ट आला.” मी म्हणायचे, “आणि तुझ्या आईची पेन्शन दर महिन्याला कोण पाठवायचं? डेल्बर्ट?” मग तो टोपी उचलून बाहेर जायचा आणि पाच मिनिटांनी दुसरा मुद्दा घेऊन परत यायचा. बुटांचा चिखल तसाच स्वयंपाकघरात!

हिवाळा जायचा त्यात. लांबलचक हिवाळा, कळायचंही नाही.

आता टीव्हीवर अध्यक्ष बोलतो तेव्हा मी पडद्याला एकेक मुद्दा सुनावते. पडदा टोपी उचलून बाहेर जात नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार

कुणीतरी टपालपेटीजवळची माझी पाटी उपटून खड्ड्यात टाकली होती. परत ठोकली. दुपारी बघते तर ऑर्व्हिलची गायब! दोन्ही बाजूंना मी नकोशी झाले आहे. त्याची पाटी कोठारामागे सापडली. पुसून परत लावली. या वेळी सरळ बसली.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

जमलं!!

“हा कोण?”

“माझा माणूस.”

“मत कुणाला?”

“माझ्या माणसाला.” आणि बोट बरोबर फोटोवर. तीनदा विचारलं, तिन्हीदा बरोबर. मी टाळ्या वाजवल्या. नर्स डोकावून गेली. ऑर्व्हिलला इतका आनंद झाला की तो शेजारच्या म्हाताऱ्यांनाही तेच सांगत सुटला, “माझा माणूस, माझा माणूस.”

नमुन्याची मतपत्रिका वर्तमानपत्रात आली आहे, तीही त्याला दाखवली. नाव वाचतो तो, अजून वाचतो.

येताना गाडीत गाणं म्हणत होते. गावच्या पाटीपाशी आले तेव्हा कळलं, ही बातमी सांगायला कुणी नाही. व्हायोलाला कशी सांगू? डेल्बर्टला सांगितली तर शुक्रवारी खानावळीत दवंडी पिटेल, ‘बर्नडीन आमच्यात आली’ म्हणून.

म्हणून इथे लिहिते. जमलं.

२९ ऑक्टोबर, सोमवार

सगळं लिहून काढते. जसं झालं तसं.

त्यांच्या पक्षाकडून डेल्बर्ट, आमच्याकडून व्हायोला. दोघे एकाच गाडीतून आलेले, तोंडं दोन दिशांना. बटाट्यांच्या पोत्यासारखी दोघांच्या मध्ये मतपत्रिकांची पेटी. व्हायोला मला म्हणाली, “नातेवाईक बसू शकतात. पण बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. माहीत आहे ना?” माहीत होतं. हात मांडीखाली घालून बसले, शाळेत बसवायचे तशी.

ऑर्व्हिलचा हात कापतो, म्हणून तो सांगेल तिथे फुली डेल्बर्टने मारायची आणि व्हायोलाने बघायचं असं ठरलं. डेल्बर्टने पेन्सिल काढली. तो मला ओळखतो, माझी तालीमही त्याच्या कानावर गेली असणार. माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, ‘काळजी करू नको’ अशी.

“हं, ऑर्व्ह. अध्यक्ष. ही नावं. कुणाला द्यायचं?” सगळी नावं नीट वाचून दाखवली.

ऑर्व्हिलने कागदाकडे बघितलं. मग डेल्बर्टला विचारलं, “माझी बायको कुणाला देते?”



“तुझी बायको?” डेल्बर्ट म्हणाला. “ती नेहमी तुझ्या उलट, ऑर्व्ह. जन्मभर.”

“कुठे असते ती?”

डेल्बर्टने माझ्याकडे बघितलं नाही. त्याला बोलायची परवानगी होती, मला नव्हती. “घरी,” म्हणाला.

“एकटी?”

“हो.”

“मग तिच्याच माणसाला घाल,” ऑर्व्हिल म्हणाला. “एकटी असते. तिच्या बाजूला कुणीतरी पाहिजे.”

नाही ऑर्व्हिल! तुझा माणूस, तुझा माणूस! ओठ दातांत धरले होते. रक्ताची चव आली.

डेल्बर्टने पुन्हा विचारलं. नियम आहे. “नक्की, ऑर्व्ह? नाव सांग.” ऑर्व्हिलने कापरं बोट कागदावर फिरवलं आणि नाव वाचलं. माझ्या पक्षाचं. पूर्ण, मधल्या अक्षरासकट.

डेल्बर्ट कितीतरी वेळ पेन्सिल धरून बसला. ऑर्व्हिल सोडून तिघंच तर होतो तिथे. त्याने काही केलं असतं तरी व्हायोलाशिवाय कोण अडवणार होतं, आणि व्हायोलाला तर चष्म्याआडून काही दिसतच नव्हतं. ती रडत होती. पण त्याने फुली मारली. ठळक, चौकटीच्या मधोमध. मग कागद तिच्यापुढे सरकवला. “बघ. बरोबर आहे ना? नंतर मला बोल लावू नकोस.”

दोघांनी पाकिटावर सह्या केल्या.

बाहेर व्हायोलाने मला मिठी मारली. “आपल्याकडे आला गं शेवटी!” म्हणाली.

डेल्बर्ट गाडीपाशी टोपी हातात घेऊन उभा होता. “भला माणूस आहे,” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, “तूही.” तो म्हणाला, “माझं सोड. घरी पोचवू का?” माझी गाडी समोर उभी होती. त्यालाही दिसत होती.

३० ऑक्टोबर, मंगळवार

एवढी वर्षं मला हेच तर हवं होतं. त्याला पटावं. माझ्या बाजूला यावं.

आला. आणि पलीकडे आता कुणी उरलं नाही.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

मृतांसाठी प्रार्थना होती चर्चमध्ये. सगळे आपापल्या गेलेल्या माणसांची नावं वहीत लिहीत होते. माझ्या हातात पेन आलं आणि मी कुणाचं लिहिणार होते ते कळून हात आखडला. तो जिवंत आहे! काउंटीच्या खर्चाने, गरम खोलीत, रोज तीन वेळा जेवून. मीच म्हणते ना, सरकारने धरावं? धरलंय की. चांगलं धरलंय.

पेन पुढच्या बाईला दिलं.

६ नोव्हेंबर, मंगळवार

टाउन हॉलमध्ये गेले. पडद्याआड उभी राहिले. ऑर्व्हिलच्या माणसापुढे फुली मारली.

तिथून थेट त्याच्याकडे. मत कुणाला दिलं ते त्याच्या कानाशी वाकून सांगितलं.

त्याने दाराकडे बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना अशा नजरेने. “बाई, बाहेर बोलू नका हं हे,” म्हणाला. “माझ्या बायकोला वाईट वाटेल.”

नाही वाटणार, मी म्हटलं.